समजा, क्ष गोळ्या

माझ्या सासूबाईंचा औषधाच्या पाकिटांवर फार राग. महिन्याची औषधं घरी आली की त्या एका बैठकीत सगळ्या गोळ्या चांदीतून फोडून काढायच्या, एका पत्र्याच्या डबीत ओतायच्या आणि रिकामी पाकिटं केरात टाकून मोकळ्या व्हायच्या. "रोज कोण ती चांदी फोडत बसणार? नखं दुखतात." डबी मूळची बटणांची. आमच्या स्वयंपाकघरात 'चहा' लिहिलेल्या डब्यात मीठ असतं आणि 'मीठ' लिहिलेल्या डब्यात रबरबँड, तेव्हा डबीचं मला नवल नव्हतं. पण दोन औषधं एकत्र ठेवू नका, एवढं मी त्यांना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

"एक लाल आहे, एक पांढरी आहे," त्या म्हणायच्या. "मी काय आंधळी आहे?"

तेही खरंच होतं. लाल म्हणजे ताकदीची कॅप्सूल, चांगली बोटाच्या पेराएवढी, सकाळी चहानंतर एक. पांढरी हृदयाची, डाळीच्या दाण्याएवढी, दुपारी जेवल्यावर एक. मी शाळेत गणित शिकवते. हरलेला वाद सोडून द्यावा, हे मला कळतं. वळत नाही, पण कळतं.

त्या सोमवारपासून आमची शाळा सकाळची झाली आणि मी दुपारच्या जेवणाला घरी येऊ लागले. त्याआधी दिवसभर घरात सासूबाई आणि माझी मुलगी, दोघीच असायच्या. मुलीला आम्ही ढब्बू म्हणतो. ती तीन वर्षांची व्हायची आहे आणि नावाला जागते. आजी जेवल्याशिवाय ढब्बू घास घेत नाही, म्हणून दोघींचं जेवण मी येण्याआधीच उरकलेलं असायचं. मी आले की सासूबाई नुसत्या सोबतीला बसायच्या. ताट वाढून घेता घेता मी विचारायचे, "आई, गोळी?" त्या म्हणायच्या, "हो, घेते." संपला विषय.

बाकी त्या आठवड्यात त्यांचं बोलणं जरा लागटच होतं. बुधवारी म्हणाल्या, "पडदे किती पिवळे पडलेत गं, धुवायला काढ." पडदे स्वच्छ पांढरे होते, मी नुकतेच धुतलेले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अन्नावर वासनाच नाही, कशाला चव म्हणून नाही." स्वयंपाक माझा होता. मी दोन्ही टोमणे गिळले आणि वह्या तपासायला बसले.

गुरुवारीही तसंच. मी आले, पर्स दाराजवळच्या स्टुलावर टाकली, जेवले, वह्या घेऊन आतल्या खोलीत गेले. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की बाहेरून आवाज येत नाहीये. ज्या घरात ढब्बू आहे त्या घरात शांतता ही काही चांगली बातमी नसते. मी उठून बाहेर आले.

सासूबाई खुर्चीत मान टाकून झोपल्या होत्या. ढब्बू जमिनीवर पाय फाकवून बसली होती. डबी उघडी, लाल-पांढऱ्या गोळ्या फरशीभर पसरलेल्या. आणि तिचं तोंड पांढरं होतं. ओठ, हनुवटी, जीभ, सगळीकडे पांढरा चिखल.

मी तिच्या तोंडात बोट घालून दोन्ही गालफडांतून फिरवलं. गोळी हाताला लागली नाही, नुसता लगदा. "काय खाल्लंस? ढब्बू, काय खाल्लंस?" ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "खाऊ."

मी दवाखान्याला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे बोलत होती, आणि तिच्या त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली. "लगेच घेऊन या. उलटी करवू नका. डबी आणा. आणि पांढऱ्या किती गेल्या ते मोजून ठेवा. मोठ्या माणसाची एक गोळीसुद्धा एवढ्या मुलाला भारी पडू शकते. किती गेल्या त्यावर पुढचं सगळं ठरतं."

मी फरशीवर आडवी झाले, कपाटाखाली झाडू घातला, खुर्च्या सरकवल्या, सापडली ती प्रत्येक गोळी डबीत टाकली. सासूबाई एव्हाना जाग्या झाल्या होत्या. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या, काहीतरी विचारत होत्या. मी गोळ्या वेचत राहिले.

टॅक्सीत त्यांनी ढब्बूला मांडीवर घेतलं आणि मी माझ्या मांडीवर रुमाल पसरून गोळ्या मोजल्या. लाल अठरा. पांढऱ्या चौदा. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

आता चौदा उरल्या म्हणून काय कळणार? आधी किती होत्या ते कळायला हवं. औषधवाल्याला फोन केला. तो म्हणाला, नेहमीप्रमाणे दोन्ही तीस-तीस दिल्या होत्या. 

"आई, डबी कधी भरलीत?"

"झाले की बरेच दिवस."

"बरेच म्हणजे किती?"

"अगं, असं कसं सांगू? तो पाहुणा आला होता त्याच्या आधी... की नंतर..." 

"पाकिटावर तारीख असते. पाकीट ठेवलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण तुमची नखं दुखतात." 

मी इथेच थांबायला हवं होतं, पण भीती वाटली की माझी जीभ सुटते. "तुमच्या भरवशावर पोर सोडली, हेच माझं चुकलं," मी म्हणाले. पुढे बसलेल्या टॅक्सीवाल्यानं आरशात पाहिलं आणि नजर काढून घेतली. सासूबाईंनी ढब्बूला आणखी जवळ ओढलं.

मी डोळे मिटले आणि डोक्यात फळा उभा केला. मला दुसरं काही येत नाही.

वर्गात माझा एक नियम आहे. शाब्दिक उदाहरण आलं की पहिली ओळ 'समजा' नं सुरू करायची, आणि क्ष म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिहायचं. 'समजा, गोळ्या क्ष' असं लिहिलं की मी लाल रेघ मारते. कुठल्या गोळ्या? कुणाच्या? मुलं कंटाळतात. त्यांना वाटतं, बाईंना अक्षरं वाया घालवायची हौस आहे. 

समजा, डबी भरल्यापासून य दिवस झाले. समजा, ढब्बूनं क्ष पांढऱ्या गोळ्या खाल्ल्या.

लाल कॅप्सूल ढब्बूला गिळता येणार नाही, आणि चावली असती तर तोंड लाल झालं असतं. म्हणजे लाल फक्त सासूबाईंनी घेतल्या, रोज एक. तीस वजा य बरोबर अठरा. य बारा. बारा दिवस. 

पांढरी रोज एक, आजचीही घेऊन झालेली. तीस वजा बारा वजा क्ष बरोबर चौदा. अठरा वजा क्ष बरोबर चौदा.

क्ष बरोबर चार.

आयुष्यात इतकं सोपं उदाहरण मी सोडवलं नसेल, आणि उत्तराची इतकी धास्तीही कधी घेतली नसेल. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून केलं. चार. बाजू बदलून केलं. चारच. ढब्बू आजीच्या मांडीवर बसून खिडकीबाहेरच्या गाड्या मोजत होती, "एक, दोन, पाच," आणि मी तिच्या छातीकडे बघत होते, ती खाली-वर होते आहे ना म्हणून.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली. डॉक्टर तरुण मुलगी होती, कानावर पेन खोचलेलं. नर्सनं डबी ट्रेमध्ये उपडी करून पुन्हा मोजलं. अठरा आणि चौदा.

"ठोके आत्ता व्यवस्थित आहेत," डॉक्टर म्हणाली. "पण ही गोळी लगेच रंग दाखवत नाही. तासा-दोन तासांनी अचानक ठोके मंदावतात. रक्त तपासायला पाठवलंय, त्याला वेळ लागेल. उतारा आहे आमच्याकडे, थोडाच आहे. तो किती द्यायचा हे पोटात किती गेलं त्यावरून ठरतं. मॅडम, नक्की आकडा सांगा."

"चार."

"नक्की?"

मी वर्गात मुलांना हाच प्रश्न विचारते, बरोबर उत्तरालासुद्धा. जो गडबडतो त्यानं ताळा केलेला नसतो. मी म्हणाले, "लिहून दाखवते," आणि पेनासाठी पर्समध्ये हात घातला.

हाताला ओलं, चिकट काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर खडू. शाळेतला पांढरा खडू, सकाळी नवा घेतलेला. अर्धाच उरला होता, टोक लाळेनं भिजलेलं, आणि त्यावर बारीक दातांच्या खुणा.

ढब्बूनं पलंगावरून हात पुढे केला. "माझा खाऊ."

डॉक्टरनं खडू हातात घेतला, वास घेतला, टॉर्च लावून ढब्बूचे दात पाहिले. नर्स हसली. माझ्या जिवात जीव आला आणि मी पलंगाच्या कडेवर टेकले. पांढरा चिखल खडूचा होता. पर्स मीच स्टुलावर टाकली होती, ढब्बूच्या हाताला येईल अशी; अर्धा खाऊन उरलेला तिनं परत आत ठेवला होता. 

"खडूनं काही होत नाही," डॉक्टर म्हणाली. "पण मग त्या चार गोळ्या?"

जिवात आलेला जीव तिथेच अडकला. खडू खाल्ला म्हणून गोळ्या खाल्ल्या नाहीत असं थोडंच आहे? दोन्ही खाल्लं असेल. चार गोळ्या कमी होत्या, हे काही खडूनं बदलत नव्हतं. गोळ्या हवेत विरत नाहीत. कपाटाखाली मी स्वतः झाडू घातला होता. फरशी एवढीशी, चार गोळ्या चुकणार नाहीत. 

"उतारा द्यायचा का?" नर्सनं विचारलं.

"थांब जरा," डॉक्टर म्हणाली. "मुलगी एकदम छान आहे. गरज नसताना देणंही बरं नाही. मॅडम, तुमच्या हिशेबात काही चूक असू शकते का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी रागावले असते. पण मी कागद घेतला आणि लिहायला लागले. समजा, य दिवस. समजा, क्ष... आणि तिथे माझा हात थांबला. 

'ढब्बूनं खाल्लेल्या.' हे मला कुणी सांगितलं होतं? तीस होत्या, चौदा उरल्या, मधल्या सोळा गेल्या. समीकरणाला एवढंच ठाऊक होतं. त्यात ढब्बूचं नाव मी घातलं होतं, कारण माझ्या डोळ्यांसमोर तिचं पांढरं तोंड होतं. आणि 'रोज एक' हेही मीच घातलं होतं. त्याला कुणाचाच आधार नव्हता. वर्गात कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

मी मागे वळून पाहिलं. सासूबाई भिंतीलगतच्या बाकावर बसल्या होत्या. टॅक्सीतून उतरल्यापासून मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यांच्या तोंडाचा रंग पार उतरला होता. तोंडाला पदर लावून त्या उमासा दाबत होत्या आणि वर दिव्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या.

"आई, काय होतंय?"

"काही नाही गं. तो दिवा किती पिवळा आहे. भोवती कडं दिसतंय." 

दिवा पांढरा होता. दवाखान्यात असतो तसा, डोळ्यांत खुपेल इतका पांढरा. पिवळे पडलेले पडदे. कशाला चव नाही. मी टोमणे म्हणून गिळलं होतं ते. 

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "आई, आज पांढरी गोळी कधी घेतलीत?"

"जेवल्यावर."

"ढब्बूबरोबर जेवलात, तेव्हा?"

"हो. तेव्हाच घेते ना रोज."

"आणि मी आल्यावर विचारलं, गोळी? तेव्हा तुम्ही म्हणालात, घेते."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

चार दिवस मी तो शब्द ऐकला होता आणि मला वाटलं होतं, घेते म्हणजे घेत असते, चुकवत नाही. त्या म्हणत होत्या, घेते म्हणजे आत्ता घेते. मी पाठ वळवून पाणी आणायला जात होते आणि त्या डबी उघडत होत्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी दुपारी घरी आलेले चार दिवस, आणि चार गोळ्या. ताळा जुळला.

"आई, एकदा घेतलेली असताना पुन्हा का घेतलीत?"

"तू विचारायचीस," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मला आठवायचंच नाही. घेतली की नाही घेतली. आठवत नाही म्हणाले असते, तर तू काय म्हणाली असतीस? म्हातारी विसरायला लागली. मग ढब्बूला माझ्याजवळ ठेवली असतीस का? त्यापेक्षा गोळी बरी." 

टॅक्सीत मी जे बोलले होते ते आम्हा दोघींनाही आठवलं. मला तर ते ऐकूच येत होतं. 

मी उठले आणि डॉक्टरला सांगितलं, "चार गोळ्या जादा गेल्यात. पण हिच्या पोटात नाही, यांच्या. चार दिवस दुप्पट."

डॉक्टरनं एका बोटानं सासूबाईंची नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. "ही गोळी जास्त झाली की सगळं पिवळं दिसतं," ती म्हणाली. दोघींनी मिळून सासूबाईंना पलंगावर घेतलं, ढब्बूच्या छातीवरच्या चिकटपट्ट्यांच्या तारा काढून त्यांना नव्या पट्ट्या लावून त्यावर जोडल्या. हिरवी रेघ आली. ढब्बूची रेघ धावत होती. ही चालत होती, आणि मधेच थांबून विचार करत होती. घरी आणखी थोडा वेळ खुर्चीत मान टाकून पडल्या असत्या तर त्या झोपल्यात असंच मला वाटलं असतं. मी पायांचा आवाज न करता वह्या तपासत राहिले असते. ढब्बूनं डबी सांडली नसती तर. 

उतारा त्यांना दिला. किती द्यायचा ते डॉक्टरनं पुन्हा माझ्याकडून ऐकून घेतलं, आणि या वेळी मी पहिली ओळ मोठ्यानं, पूर्ण वाक्यात सांगितली. मग बाहेरच्या बाकावर ढब्बूला घट्ट धरून बसले. नवरा कामावरून धावत आला. त्यानं विचारलं, "कोण आत आहे?" मी दाराकडे बोट दाखवलं. तो ढब्बूकडे बघून गोंधळला, मग त्याला कळलं आणि तो मटकन खाली बसला. रेघ सरळ चालायला लागेपर्यंत आम्हाला आत घेतलं नाही. तो वेळ किती होता ते मी मोजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण डोळे जागेवर. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

"हा पडदा धुतला का गं कुणी?"

"हो," मी म्हणाले. "चांगला पांढरा झालाय."

ढब्बू त्यांच्या पायापाशी चढून बसली होती आणि चादरीवर बोटानं रेघोट्या ओढत होती. मला त्यांना सांगायचं होतं की टॅक्सीत बोलले ते मनावर घेऊ नका. पण ते वाक्य तोंडात फिरत राहिलं, बाहेर येईना. मी नुसतंच म्हणाले, "सोमवारी माझी शाळा आहे. ढब्बूला तुमच्याकडेच ठेवणार आहे. गोळी मात्र आपण दोघी मिळून घ्यायची, मी आल्यावर."

तेवढ्यात नर्स हातात छोटी वाटी घेऊन आली, वाटीत एक लाल कॅप्सूल. दारातच थांबून तिनं विचारलं, "आजी, सकाळची एक घेतली का तुम्ही?"

सासूबाईंचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, आणि बघत राहिल्या.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या. "हिला विचारा."